क्रमांक १ ते २३, विषम

यादीतली नोंद एवढीच:
ॲल्मा टेरेस, स्टॉकपोर्ट. क्रमांक एक ते तेवीस, विषम,
अकरा वगळून.
सन अठराशे सदुसष्ट. लाल वीट, फ्लेमिश बांधणी, स्लेटचं छप्पर.
बांधणाऱ्याचं नाव माहीत नाही.

फ्लेमिश बांधणी म्हणजे
एक वीट लांबीनं पहुडलेली,
पुढची आत शिरून डोकं तेवढं बाहेर काढलेली,
पुन्हा पहुडलेली, पुन्हा डोकं.
बोटानं मोजत निघालं तर
अकराशी येऊन बोट अडखळतं.
तिथं एक्केचाळीस साली बॉम्ब पडला.
नंतर भरलेल्या विटा सगळ्या एका रंगाच्या,
भट्टीत एकीलाही चटका कमीजास्त बसलेला नाही.
म्हणून ते घर वारशात नाही.
त्याला प्लास्टिकच्या खिडक्यांची मुभा आहे.

आणि चुना.
आपल्याकडे चुना लावला म्हणजे फसवलं.
इथं फसवलं ते सिमेंटनं:
ज्यांनी ज्यांनी हौसेनं सांधे सिमेंटनं भरले
त्यांच्या भिंतींत ओल कोंडली,
विटांचे गाल पापुद्र्यांनी सुटले.
चुना मात्र मऊ. स्वतः झिजतो,
वीट राखतो.

फेब्रुवारीत नगरपालिकेचा प्रॉसर आला,
बॅटरी, टेप, गुडघ्यांना रबरी पट्टे.
पंधरा नंबरच्या माळ्यावर रांगत गेला,
कौलाखालून वर उजेड टाकला,
मग खाली,
मग परत वर.
वर धुराड्याचा थोरला खांब, आठ तोंडं, चार ह्या घराची.
नाव चिमणी, वजन टनभर.
आणि खाली काहीच नाही.

क्लिफर्ड गारसाइडला आठवतं ते.
चौऱ्याहत्तर साल, तो नऊ वर्षांचा.
आईच्या नव्या कपाटाला जागा हवी म्हणून
वडिलांनी शेकोटीची छाती फोडली, दोन्ही मजल्यांवरची,
एका सुट्टीत.
विटा त्यानंच परसात नेल्या, बहिणीच्या बाबागाडीतून,
अजून तिथंच आहेत, रूबार्बच्या वाफ्याभोवती,
एका अंगाला काजळी.

"मग वरचं कशावर उभंय?"
प्रॉसरनं उत्तर दिलं नाही,
सतराचं दार वाजवलं.

सतरात म्युरिएल ऑगडेन, वय एक्क्याऐंशी,
उमेदीत हॅटच्या कारखान्यात कडा शिवायची.
क्लिफर्डशी बोलणं बंद, वीस वर्षं,
दोन्ही घरांच्या सामाईक पन्हळीवरून:
कोणाच्या पानांनी तुंबली ते अजून ठरायचंय.
तिच्या माळ्यावर सगळं जागच्या जागी.
छाती शाबूत, खांब पायापासून वरपर्यंत सरळ,
आणि मधल्या भिंतीत, थरामागून थर,
तिच्या बाजूच्या विटा
डोकं खुपसून ह्याच्या बाजूला गेलेल्या.

प्रॉसर बराच वेळ तसाच बसून राहिला.
मग खाली येऊन कपडे झटकत म्हणाला,
त्यांची अर्धी चिमणी तुमच्या अर्ध्या चिमणीनं धरलीय, बाई.
पन्नास वर्षं.
ती पाडता येत नाही, यादीत आहे.
तशी ठेवताही येत नाही.
पोलादी तुळई घालावी लागेल. परवानगीला आठ आठवडे.

"आणि तोवर?"

"तोवर तुमचीच."

म्युरिएलनं पडदा सारखा केला, होता तसाच होता तरी.
"त्याला सांगू नका," म्हणाली.

पण अहवाल म्हटला की घरमालकाला प्रत जातेच.
गुरुवारी रात्री क्लिफर्ड शिडी लावून वर चढला,
साठी ओलांडलेला माणूस, पायजम्यावर कोट.
कापलेल्या खांबाखाली उभं राहायचं धाडस झालं नाही,
कडेकडेनं सरकत मधल्या भिंतीशी पोचला,
तळवा टेकला.

पलीकडे तिनं गॅसची शेगडी लावली असावी.
वीट कोमट होती.